घसरले नाही, वळले

आत्या पडली त्या दिवशी फरशी कोरडी ठणठणीत होती. सकाळी साडेदहाची वेळ, लख्ख उजेड. ती ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होती. दाराची बेल वाजली, "आले, आले" म्हणत ती वळली आणि डाव्या कुशीवर कोसळली. खुब्याचं हाड मोडलं. पुढचे आठ दिवस हॉस्पिटलात जो भेटायला येई तो शहाळं टेबलावर ठेवून पहिल्यांदा तेच विचारी, "अहो, घसरलात कशावरून?" आत्या ७८ वर्षांची, गणिताची निवृत्त शिक्षिका. चुकीचं विधान तिला खपत नाही. दर वेळी ती सांगे, "घसरले नाही, वळले." पाहुणा मान डोलवी आणि तिच्या सुनेला म्हणे, "हल्लीच्या फरश्याच फार गुळगुळीत हो."

आत्या उगाच शब्दाचा कीस काढतेय, असं मलाही तेव्हा वाटलं होतं. नंतर या विषयावर वाचायला लागलो आणि कळलं की सगळ्यांत अचूक तीच बोलत होती.

म्हातारी माणसं नेमकी कशी पडतात, हे बराच काळ कोणी पाहिलेलंच नव्हतं. पडलेल्याला विचारायचं आणि तो सांगेल ते लिहून घ्यायचं, एवढाच मार्ग होता. क्षणभरात घडलेली गोष्ट कोणाला धड आठवत नाही. मग "पाय घसरला असेल" हे सोयीचं उत्तर येतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या संशोधकांनी दोन वृद्धनिवासांच्या जेवणघरात, दिवाणखान्यात, बोळांत कॅमेरे लावले आणि सुमारे तीन वर्षांत १३० जणांच्या २२७ पडण्यांचं चित्रण मिळवलं. २०१३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निष्कर्ष छापून आला. सर्वांत मोठं कारण, ४१ टक्के, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर नेताना चुकणं हे होतं. ठेच लागून किंवा अडखळून पडलेले २१ टक्के. घसरून पडलेले फक्त ३ टक्के.

बाथरूममध्ये अर्थातच कॅमेरे नव्हते, आणि बादली-तांब्याच्या आपल्या ओल्या न्हाणीघराचा हिशेब वेगळा निघेल हे उघड आहे. तरी मुद्दा राहतोच. वळणं, खुर्चीत बसायला मागे सरकणं, वरच्या फडताळावरचा डबा काढायला हात लांबवणं, नुसतं उभं असताना पाय बदलणं, अशा बिनघोर वाटणाऱ्या क्षणी माणूस पडतो. चालतानाही प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर असतो आणि पुढे झुकलेलं शरीर दुसरा पाय वेळेवर झेलतो. तरुणपणी हा झेल सुटत नाही. सत्तरीनंतर पाय पोचायला जरासा उशीर होऊ लागतो. वळताना तर एक पाय जागेवर आणि अंग अर्धं फिरलेलं अशी अवस्था येते. त्यात कडेला पडलं की सगळा दणका थेट खुब्यावर बसतो.

तोल सांभाळायला शरीराकडे तीन खबरे आहेत: डोळे, अंतर्कर्ण, आणि तळपाय-घोटे-सांध्यांमधली जाणीव. तिघांच्या बातम्या मेंदू जुळवतो आणि पिंढऱ्या-मांड्यांच्या स्नायूंना हुकूम सोडतो. एखादा खबरी गैरहजर असला तर बाकीचे दोघं वेळ मारून नेतात. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या मॉरित्झ रोमबर्ग या डॉक्टरांनी पाहिलं की मज्जारज्जूच्या एका आजाराचे रुग्ण उघड्या डोळ्यांनी नीट उभे राहतात, पण डोळे मिटले की झोकांड्या खातात. पायांकडून येणारी खबर बंद पडलेली असायची आणि सगळा कारभार डोळ्यांवर चालू असायचा. मेंदूविकारतज्ज्ञ आजही पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगतात, ती हीच रोमबर्ग चाचणी. हे रुग्ण सकाळी वाकून तोंड धुताना पडत, अशीही नोंद वैद्यकाच्या पुस्तकांत आहे.

आता हे चित्र आपल्या बाथरूममध्ये आणा. वीस वर्षांचा मधुमेह असलेले आजोबा. तळव्यांना मुंग्या, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही. म्हणजे एक खबरी गेला. उभ्याने तोंडाला साबण लावतात, डोळे मिटतात, दुसराही गेला. उरला कान, आणि वयानुसार त्यातल्या संवेदक पेशीही कमी झालेल्या. मग ते डोळे मिटूनच तांब्यासाठी वाकतात आणि पडतात. साबणाच्या फेसाला आपण उगाच दोष देतो. स्टुलावर बसून अंघोळ केली असती तर यातलं काही घडलं नसतं.

कानाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अंतर्कर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक खडे असतात. कधीकधी ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात, आणि मग कुशीवर वळलं किंवा मान वर केली की खोली गरगरते. काही सेकंदांत थांबते. आपल्याकडे अशी चक्कर आली की आधी मानेला पट्टा लागतो आणि गोळ्या महिनोन्‌महिने चालतात. खरं तर कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा जाणकार फिजिओथेरपिस्ट रुग्णाचं डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते खडे परत जागेवर पाठवू शकतात. एप्ली या अमेरिकी डॉक्टरांच्या नावाने ती पद्धत ओळखली जाते. पाच-दहा मिनिटांचं काम, आणि बहुतेकांची चक्कर एक-दोन खेपांत जाते.

तोल सांभाळण्यातला चौथा भागीदार लक्ष. स्वीडनमधल्या उमेओ इथल्या संशोधकांनी १९९७ मध्ये एक साधं निरीक्षण प्रसिद्ध केलं. वृद्धनिवासातल्या ५८ जणांबरोबर चालता चालता त्यांनी गप्पा सुरू केल्या. १२ जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. चालणं आणि बोलणं एकदम जमेना, म्हणजे चालण्यालाच सगळं लक्ष द्यावं लागत होतं. पूर्वी ते आपोआप होत असे. आपल्या घरातही हे दिसतं: आजोबा बोलता बोलता मध्येच उभे राहतात, हातवारे करून वाक्य पुरं करतात आणि मग पुढे निघतात. आपण त्याला रंगात येणं म्हणतो. काही वेळा तसं असतंही. बेल, फोन, कुकरची शिट्टी हे मात्र लक्षाचे शत्रू. बेल वाजली की दार तीस सेकंद उशिरा उघडलं तरी चालतं, एवढं कुरिअरवाल्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी पचवायला हवं.

आपला तोल कितपत शाबूत आहे, हे घरी पाहता येतं. डायनिंगची खुर्ची घ्या, तीन मीटरवर खडूने रेघ मारा. खुर्चीतून उठून नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर डॉक्टरांशी बोलायला हवं. सेकंद मोजताना वळण कसं घेतात तेही पाहा: दोन-तीन पावलांत सहज, की जागच्या जागी सात-आठ बारीक पावलं टाकत, भिंतीला हात लावत.

दुसरी चाचणी आपल्या जास्त ओळखीची आहे. ब्राझीलच्या संशोधकांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजारांवर लोकांना जमिनीवर बसायला आणि उठायला सांगितलं. एकूण गुण १०. हात, कोपर, गुडघा यांचा एकेक टेकू घेतला की एकेक गुण वजा, झोक गेला की अर्धा. २०१२ मध्ये त्यांनी निकाल मांडला: तीन किंवा कमी गुण मिळालेल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका, आठ किंवा जास्त गुण मिळालेल्यांच्या तुलनेत पाच पटींहून जास्त दिसला. जमिनीवरून उठता न आल्याने कोणी मरत नाही. पण ताकद, लवचीकपणा आणि तोल या तिन्हींचा हिशेब त्या एका उठण्यात येतो.

आपल्याकडे ही चाचणी दिवसातून दहा वेळा होत असे. पाटावर जेवायला, देवासमोर, विळीवर भाजी चिरायला, निवडण-टिपणाला, झोपायला आणि सकाळी उठायला. माझी आजी ऐंशीच्या घरात होती तेव्हाही एक हात गुडघ्यावर ठेवून "रामा रे" म्हणत पाटावरून उठायची. मग डायनिंग टेबल आलं, ओटा आला, कमोड आला. गुडघे दुखणाऱ्यांची मोठी सोय झाली, ते बरंच झालं. ज्यांचे गुडघे झिजले आहेत किंवा बदलले आहेत त्यांनी हट्टाने मांडी घालू नये. पण पन्नाशी-साठीच्या धडधाकट माणसांनीही जमीन सोडून दिली. दहा-पंधरा वर्षं जमिनीवर बसलंच नाही, की तिथून उठायचं कसं हे शरीर विसरतं. पडल्यावर ते नेमकं नडतं.

कारण पडण्याइतकंच पडून राहणं वाईट. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १९८१ साली नोंदवलं की घरात पडून तासाहून अधिक काळ जमिनीवर राहिलेल्या वृद्धांपैकी निम्मे सहा महिन्यांत दगावले. थंड फरशी, पाणी नाही, एकाच कुशीवर दाबले गेलेले स्नायू, मग न्यूमोनिया. मुलं पुण्यात किंवा सिडनीत आणि आई-वडील दोघंच घरात, असा संसार असलेल्यांनी मोबाइल गळ्यात किंवा खिशात ठेवावा, चार्जिंगला नव्हे. बाथरूमची आतली कडी लावू नये. शेजारी एक किल्ली असावी.

आणि उठायचं कसं, याची तालीम करावी. घरात कोणी असताना गादीवर केली तरी चालेल. पडल्यावर आधी एक मिनिट तसंच पडून राहायचं, श्वास घ्यायचा, हात-पाय हलवून पाहायचे. मांडीच्या सांध्यात कळ येत असेल, एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला फिरलेला दिसत असेल, तर अजिबात उठू नये. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मिळते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असताना डोक्याला मार लागला, तर बरं वाटत असलं तरी हॉस्पिटल गाठावं. तसं काही नसेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर रेटून लहान मूल रांगतं तसं हात-गुडघ्यांवर यायचं, रांगतच जड खुर्चीपर्यंत किंवा पलंगापर्यंत जायचं. दोन्ही हात बैठकीवर टेकवायचे, जो पाय भक्कम आहे त्याचं पाऊल पुढे रोवायचं, रेटा देऊन वर यायचं आणि अंग फिरवून तिथेच बसायचं. लगेच चालू लागायचं नाही. मदतीला आलेल्यांनी बखोटीला धरून ओढू नये. त्यात खांदा निखळतो आणि कधी दोघंही पडतात.

तोल शिकता येतो, हे मला या सगळ्या वाचनात सर्वांत महत्त्वाचं वाटलं. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरातल्या ओटागो विद्यापीठात नव्वदच्या दशकात घरच्या घरी करायच्या व्यायामांचा एक संच तयार झाला. पहिला प्रयोग ८० वर्षांवरच्या बायकांवर झाला, हे विशेष. फिजिओथेरपिस्ट घरी येऊन शिकवून जाई. मग आठवड्यातून तीनदा अर्धा तास. पुढच्या प्रयोगांसह एकत्र हिशेब केला तेव्हा पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. २०१९ मध्ये १०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा निघाला. व्यायामाने पडण्याचं प्रमाण सरासरी २३ टक्क्यांनी घटतं, असं त्यात आढळलं.

व्यायाम अगदी साधे आहेत आणि आपला ओटा त्यांच्यासाठीच बांधल्यासारखा आहे. कंबरेइतका उंच, जागचा हलत नाही. ओट्याला दोन्ही हात टेकवून टाचा उचलायच्या, सावकाश खाली आणायच्या. मग चवडे उचलायचे. एक पाय कडेला उचलायचा. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू यानेच घट्ट होतो आणि वळताना तोच सावरतो. एका पावलाच्या पुढे दुसरं चिकटवून, जणू दोरीवरून, ओट्याच्या कडेने चालायचं. आडवं चालायचं, खेकड्यासारखं. खुर्चीतून हात न लावता उठायचं, बसताना धपकन न बसता सावकाश टेकायचं. सुरुवातीला दोन्ही हात, मग एक, मग फक्त बोटं. किंचित डगमगायला हवं, यातच सगळी मेख आहे. ज्यात जराही झोक जात नाही, त्यातून तोल काही शिकत नाही.

म्हणूनच सकाळी बागेत चार चकरा मारून येणाऱ्यांना सांगावंसं वाटतं की नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं, असा पुरावा नाही. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला चांगलं. तोलासाठी वेगळी दहा मिनिटं द्यावी लागतात. विरंगुळा केंद्रात किंवा ज्येष्ठ नागरिक संघात हास्यक्लबानंतर कठड्याला धरून हे सहज करता येईल. एकटं करण्यापेक्षा ते टिकतंही जास्त.

व्यायामाइतकंच गोळ्यांच्या डब्यात डोकावणं गरजेचं आहे. झोपून उठल्यावर रक्तदाब तीन मिनिटांत वरचा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डोळ्यांपुढे अंधारी येते. बीपीच्या, लघवी साफ होण्याच्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी हे होतं. रात्री लघवीला उठणारा माणूस झोपेत, अंधारात आणि उतरलेल्या रक्तदाबात चालतो. त्यावर झोपेची गोळी घेतली असेल तर विचारायलाच नको. न्यूझीलंडमध्येच १९९९ साली झालेल्या प्रयोगात झोपेच्या आणि मनाच्या आजारांवरच्या गोळ्या हळूहळू बंद केलेल्यांचं पडणं ६६ टक्क्यांनी कमी झालं. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा. अशा गोळ्या मनाने एकदम बंद करणं धोक्याचं. डॉक्टरांकडे जाताना सगळा डबा पिशवीत घालून न्यावा आणि "यातली कोणती कमी करता येईल?" असं सरळ विचारावं. 'ड' जीवनसत्त्व कमी असेल तर घ्यावं, पण जास्त म्हणजे चांगलं असं समजू नये. ऑस्ट्रेलियात वृद्ध बायकांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिटचा डोस दिला, तर त्या कमी पडायच्या ऐवजी जास्त पडल्या. २०१० मध्ये हे प्रसिद्ध झालं.

चष्म्याचंही तसंच. जवळचं-लांबचं एकत्र असलेल्या काचेतून जिना उतरताना पायरी नेमकी वाचायच्या भागात येते आणि पुसट दिसते. बाहेर जास्त फिरणाऱ्यांनी फक्त लांबचा वेगळा चष्मा करून घ्यावा. मोतीबिंदू "पिकू दे" म्हणून थांबायचे दिवस गेले.

घरातल्या दुरुस्त्या सगळ्यांना ठाऊक असतात, त्यामुळे दोन-चारच बोलतो. बाथरूममध्ये टॉवेलची दांडी आधाराला धरू नका. ती टॉवेलच्या वजनाला लावलेली असते, माणसाच्या नाही. भिंतीत पक्के बसवलेले स्टीलचे दांडे वेगळे मिळतात. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा. दारातलं सुटं पायपुसणं काढून टाका. घोट्यापर्यंत लोळणारा गाऊन दोन बोटं आखूड करा. काष्ट्याचं नऊवारी या बाबतीत पुष्कळ शहाणं होतं. आणि नरकचतुर्दशीला पहाटे अंगभर तेल लावून उटण्याच्या राडीत उभं राहण्याआधी फरशीवर जुनी गोणपाटाची घडी अंथरा. काठी घेतली असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात हवी. रस्त्यावर कित्येक लोक ती चुकीच्या हातात धरलेले दिसतात. काठीची उंची मोजायची तर सरळ उभं राहून हात सैल सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेघेपाशी यावी.

आत्याचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टनं तिला वॉकर देऊन उभं केलं. घरी आल्यावर मात्र तिच्या मुलाने, अगदी प्रेमाने, तिची खुर्ची खिडकीत मांडली. "आता काही करायचं नाही, आई. बसून राहायचं. लागेल ते हातात आणून देऊ." सहा आठवड्यांत तिच्या मांड्या एवढ्याशा झाल्या आणि दारापर्यंत जायची भीती वाटू लागली. भीती वाटते म्हणून हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून पाय लुळे, पाय लुळे म्हणून पुन्हा तोल जायचा. शेवटी तिनेच मुलाला वहीवर आलेख काढून दाखवला आणि ओट्याशी परत उभी राहिली. आता दूध तापेपर्यंत टाचा उचलते. मध्यंतरी मी बेल वाजवली तेव्हा आतून "थांब रे, वळतेय" असं ऐकू आलं.

ऑपरेशनच्या आधीच्या वर्षात ती आणखी दोनदा पडली होती, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. एकदा गॅलरीत, एकदा देवळाच्या पायरीवर. कोणाला बोलली नाही, कारण सांगितलं असतं तर देवळात जाणं बंद झालं असतं. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा, "गेल्या वर्षभरात कधी पडलात का? तोल गेला का?" आणि उत्तर "हो" आलं तर रागावू नका, नाहीतर पुढच्या खेपेला ते सांगणार नाहीत.